शोधयंत्राच्या दारातील पर्यटन-व्यवसाय : कळमेश्वर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

महाजालावरील विपणन आणि शोधयंत्रातील अग्रक्रम यांविषयी पर्यटन-व्यावसायिकांना जो उपदेश केला जातो, त्यात 'दिसणे' हेच यशाचे एकमेव माप मानलेले आढळते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर व त्याच्या आसपासची धापेवाडा, अदासा, पेंच, ताडोबा ही स्थळे डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. नामसादृश्य, मराठी भाषेची रूपे व लेखनपद्धती, याद्यांची साचेबद्ध भाषा, दर्शनी जागेचे अर्थकारण आणि प्रवाशाचा विश्वास या पाच अंगांनी विचार करून, 'आधी नेमके सांगणे, मग दिसणे' हा क्रम लहान व्यावसायिकाच्या हिताचा आहे, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : पर्यटन-व्यवसाय, शोधयंत्र, ऑनलाइन विपणन, मराठी मजकूर, विदर्भ, ग्राहकहित.

१. प्रास्ताविक

नागपूरच्या पश्चिमेस काटोल मार्गावर वसलेले कळमेश्वर हे तालुक्याचे गाव औद्योगिक वसाहत, संत्र्याच्या बागा आणि नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानक यांमुळे परिचित आहे. पर्यटनाच्या नकाशावर मात्र त्याचे नाव क्वचितच ठळक दिसते. तथापि याच तालुक्यात चंद्रभागेच्या काठी 'विदर्भाचे पंढरपूर' म्हणून ओळखले जाणारे धापेवाडा आहे. जवळच अदाशाच्या टेकडीवर शमी विघ्नेशाचे पुरातन देवस्थान आहे. नागपुरास येऊन पेंच अथवा ताडोब्याकडे जाणारा प्रवासी याच पट्ट्यातील वाहनचालकांच्या, भोजनालयांच्या व लहान यात्रा-संयोजकांच्या उपजीविकेचा एक आधार आहे.

या लहान व्यावसायिकास गेल्या दोन दशकांत एकच सल्ला निरनिराळ्या तोंडांनी मिळत आला आहे : संकेतस्थळ काढा, त्यात लोक शोधतात ते शब्द पेरा, शोधयंत्राच्या पहिल्या पानावर या, म्हणजे ग्राहक आपोआप येईल. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही, या आशयाची आपल्याकडील म्हण या सल्ल्यास अनुकूल वाटते. परंतु जो बोलतो त्याने काय बोलावे आणि बोललेले खरे ठरले नाही तर त्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्या सल्ल्यात येत नाहीत. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील लेखनातही या उपदेशाची पुनरावृत्तीच अधिक होते. त्याची परीक्षा क्वचित होते. ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. 'दिसणे' या कल्पनेची घडण

महाजाल येण्यापूर्वी मराठी प्रवासी यात्रा कंपनी कशी निवडीत असे, हे आठवणे उपयुक्त ठरेल. १९८४ साली सुरू झालेल्या केसरी टूर्ससारख्या संस्थांनी मराठी मध्यमवर्गाशी नाते जोडले ते मुख्यतः वृत्तपत्रांतील जाहिराती, स्तंभलेखन, घरच्या चवीचे जेवण, सोबत असणारा सहलप्रमुख आणि परतलेल्या प्रवाशांची तोंडी शिफारस यांच्या बळावर. त्या जाहिरातीत अतिशयोक्ती नसे असे नाही. परंतु तीत कंपनीचे नाव, कार्यालयाचा पत्ता, निघण्याची तारीख आणि दर ही चार विधाने असत व त्यांस ती कंपनी बांधील असे.

सर्गी ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ साली गूगलची स्थापना केली. त्यांच्या पद्धतीचे मूळ तत्त्व असे होते की, एखाद्या पानाकडे इतर पाने जे दुवे देतात ते त्या पानास मिळालेल्या मतांसारखे समजावेत आणि महत्त्वाच्या पानाचे मत अधिक वजनाचे मानावे. विद्वत्तापूर्ण लेखनातील संदर्भ मोजण्याच्या रीतीशी या कल्पनेचे साम्य आहे. कालांतराने या मोजणीत इतर शेकडो घटकांची भर पडली. मात्र मूळ स्वभाव बदलला नाही. ज्याचा उल्लेख आधीच पुष्कळांनी केला आहे, त्यास पुढे येणे सोपे जाते. धापेवाड्यातील धर्मशाळेकडे अथवा कळमेश्वरच्या गाडीवाल्याकडे दुवा देणार कोण?

स्थानिक शोधाच्या बाबतीतही हेच दिसते. जवळचे व्यवसाय दाखविताना आपण समर्पकता, अंतर आणि ख्याती हे तीन घटक विचारात घेतो, असे गूगल स्वतःच सांगते. नागपूरच्या रेल्वे स्थानकावर अथवा विमानतळावर उतरलेला प्रवासी मोबाइलवर वाहन शोधू लागतो तेव्हा अंतराच्या कसोटीवर नागपूर शहरातील कार्यालय पुढे जाते. ख्यातीच्या कसोटीवर मोठी कंपनी पुढे जाते. उरली समर्पकता, आणि लहान व्यावसायिकाच्या हातात असलेला घटक तेवढाच आहे. प्रस्तुत लेखातील पुढील विवेचन या समर्पकतेभोवतीच फिरते.

३. नाव एक, स्थळे अनेक

शोधयंत्र नावावर चालते आणि विदर्भातील पर्यटनस्थळांचे एक दुर्दैव असे की, त्यांची नावे अधिक प्रसिद्ध नावांच्या सावलीत आहेत. 'अष्टविनायक' हा शब्द टंकित केल्यास पुणे, रायगड व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील आठ क्षेत्रे समोर येणे स्वाभाविक आहे. परंतु विदर्भासही आपले अष्टविनायक आहेत. नागपूरचा टेकडी गणपती, अदासा, रामटेक, केळझर, कळंब, भद्रावती, पवनी आणि भंडाऱ्याजवळील मेंढा अशी ही मालिका सांगितली जाते. तिचा यात्रामार्ग नागपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर व भंडारा या जिल्ह्यांतून जातो. ही सर्वस्वी वेगळी यात्रा असून तिचे अंतर, मुक्काम व खर्च यांचा हिशेबही वेगळा आहे. 'अष्टविनायक यात्रा' या शब्दांमागे धावणारा नागपूरचा संयोजक पुण्यातील शेकडो संयोजकांशी व्यर्थ स्पर्धा करतो. 'विदर्भातील अष्टविनायक' असे नेमके म्हणणाऱ्यास पाहणारे थोडे मिळतात, पण ते त्याच यात्रेस निघालेले असतात.

धापेवाड्याची स्थिती याहून बिकट आहे. विठ्ठल, चंद्रभागा, पंढरपूर, आषाढी हे त्याचे सारे शब्द पंढरपूरचेही आहेत. शोधयंत्राच्या दृष्टीने धापेवाडा हे पंढरपूरचे एक फिकट प्रतिबिंब ठरते. वस्तुतः आषाढात पंढरपुरास जाऊ न शकणारा विदर्भातील शेतकरी येथे का येतो, हाच त्या स्थळाचा अर्थ आहे, आणि तो 'नागपूरजवळील दहा मंदिरे' अशा यादीतील दोन ओळींत मावत नाही.

पेंचच्या बाबतीत नामसादृश्याचा परिणाम थेट प्रवाशाच्या खिशावर होतो. पेंच व्याघ्रप्रकल्प महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांत आहे. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा, सुरेवाणी ही प्रवेशद्वारे महाराष्ट्राकडील, तर टुरिया हे मध्य प्रदेशाकडील. दोन्हींचे नियम वेगळे, आरक्षणाची व्यवस्था वेगळी. केवळ 'पेंच सफारी' एवढेच शब्द वापरून सजविलेले पान हा भेद झाकून ठेवते, कारण तो सांगितल्यास अर्धे अभ्यागत गमवावे लागतील अशी भीती असते. ताडोब्यात तर एकाच प्रकल्पातील मोहर्ली व कोलारा या द्वारांमध्ये बाहेरच्या रस्त्याने मोठा फेरा पडतो. मोहर्लीस मुक्काम आणि कोलाऱ्याहून पहाटेची सफारी असे आरक्षण करून बसलेल्या कुटुंबास 'ताडोबा' या शब्दाने फसविले नाही. द्वाराचे नाव न सांगणाऱ्या मजकुराने फसविले. ताडोबा मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्रातील सफारी थांबते, या साध्या गोष्टीही पुष्कळ आकर्षक पानांवर तळाशी असतात किंवा नसतातच.

४. मराठीची अडचण की तंत्राची?

मराठी मजकूर शोधयंत्रास मानवत नाही, अशी एक समजूत व्यावसायिकांत आहे. तिच्या मुळाशी काही ऐतिहासिक सत्य आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी संकेतस्थळांचा मोठा भाग स्वतंत्र फाँटमध्ये लिहिला जाई. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत साठविलेली असत ती रोमन अक्षरांची चिन्हे. असा मजकूर वाचणाऱ्यास मराठी आणि शोधयंत्रास निरर्थक होता. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण बव्हंशी दूर झाली. परंतु तिची छाया अजून उरली आहे. यात्रेचे कार्यक्रमपत्रक छापखान्यात जुन्या फाँटमध्ये जुळविले जाते आणि त्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरते. ते हजारो भाविकांपर्यंत पोहोचते, पण पुढील वर्षी ते शोधू पाहणाऱ्यास सापडत नाही.

युनिकोडमध्येही काही खाचा आहेत व पर्यटनाच्या शब्दसंग्रहात त्या नेमक्या आडव्या येतात. 'दऱ्याखोऱ्या', 'किनाऱ्यावर' या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो : नुक्तायुक्त र वापरून, किंवा साध्या रकारानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. तसेच 'ॲ' हे अक्षर २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले. तत्पूर्वी ते अ आणि चंद्र मिळून लिहिले जाई व आजही कित्येक जण तसेच लिहितात. डोळ्यांस एकरूप दिसणारे हे शब्द यंत्रास भिन्न असतात. मोठी शोधयंत्रे असे भेद पुष्कळसे सामावून घेतात; परंतु लहान संकेतस्थळांच्या अंतर्गत शोधपेट्या नेहमीच तसे करीत नाहीत.

याहून मूलगामी प्रश्न विभक्तीचा आहे. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कोठेही जवळजवळ अविकृत राहते. मराठीत 'नागपूर' हे 'नागपुरात', 'नागपुराहून', 'नागपूरचा' अशी रूपे घेते. 'अदासा'चे 'अदाशाचा' होते. 'ताडोबा'चे 'ताडोब्यात' होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील नियम शब्दशः पाळून तोच शब्द त्याच रूपात वारंवार यावा असा हट्ट धरल्यास 'नागपूर ते ताडोबा टॅक्सी नागपूर स्वस्त दर' अशी क्रियापदहीन, प्रत्ययहीन भाषा जन्मास येते. ती मराठी नव्हे आणि इंग्रजीही नव्हे. विशेष म्हणजे ती निरुपयोगीही ठरत चालली आहे. शब्दांची कृत्रिम पेरणी, तसेच केवळ गावाचे नाव बदलून 'कळमेश्वर टॅक्सी', 'काटोल टॅक्सी', 'सावनेर टॅक्सी' अशी एकसारखी पाने काढणे, या दोन्ही गोष्टी गूगलच्या स्वतःच्या नियमावलीत गैरप्रकार म्हणून नोंदविल्या आहेत. २०११ मधील पांडा आणि २०१२ मधील पेंग्विन या नावांनी ओळखल्या गेलेल्या बदलांनी निकस मजकूर व कृत्रिम दुवे यांस मागे ढकलण्यास आरंभ केला. मार्च २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर घाऊक मजकूर निर्माण करण्याविरुद्ध नियम अधिक कडक करण्यात आले. म्हणजे जुना उपदेश भाषेचे नुकसान करतोच, शिवाय व्यावसायिकाचेही करतो.

५. यादीची भाषा आणि रानाची भाषा

पर्यटनविषयक पानांतील सर्वांत प्रचलित रचनाबंध म्हणजे यादी. 'नागपूरजवळील दहा प्रेक्षणीय स्थळे' यांसारखी पाने एकमेकांवरून तयार होतात. 'निसर्गरम्य', 'मनमोहक', 'आल्हाददायक', 'कुटुंबासह भेट देण्यायोग्य' ही विशेषणे रामटेकला लावा, अंबाझरीला लावा अथवा सेवाग्रामला लावा, काहीही बिघडत नाही. जे विशेषण कोठेही चालते ते कोणत्याच स्थळाविषयी काही सांगत नाही. दीक्षाभूमीचा समावेश 'सहलीच्या ठिकाणां'त करून १४ ऑक्टोबर १९५६ या दिनांकाचा उल्लेखही न करणारी यादी केवळ अपुरी नसते. ती त्या स्थळाचा अर्थच चुकवते.

या भाषेशी तुलना करण्यासाठी विदर्भातच एक मोठा दाखला आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही राने पाहिली आणि त्यांविषयी मराठीत लिहिले. झाडे, पक्षी, पाणवठे यांची स्थानिक नावे व आदिवासींकडून कळलेली रानाची माहिती त्यांनी ग्रंथभाषेत आणली. त्यांचे लेखन कोणासही सहलीस या म्हणून सांगत नाही. तरी ते वाचून रानाकडे वळलेल्या वाचकांची संख्या मराठीत थोडी नसावी. याउलट व्यावसायिक पानावरील रान एका प्राण्यापुरते आकसलेले असते. मोह, तेंदू, ऐन, बांबू, रानगवा, रानकुत्रा, नवरंग हे सारे 'वाघ हमखास दिसेल' या एका आश्वासनामागे लपून जातात.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याची घोषणा २०१२ साली झाली आणि 'जय' या वाघामुळे ते थोड्याच काळात सर्वतोमुखी झाले. २०१६ मध्ये तो वाघ दिसेनासा झाल्यावर एका प्राण्याच्या नावावर उभ्या केलेल्या प्रसिद्धीचा पाया किती ठिसूळ असतो, हे स्पष्ट झाले. पुढे ३१ डिसेंबर २०२४ रोजी याच अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट अडविली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. जाहिरातीने ही घटना घडविली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु दर्शनाची हमी घेऊन आलेला प्रवासी आणि ती हमी पुरी करण्याचे दडपण असलेला चालक एकाच जिप्सीत बसले असता अंतराचा नियम पाळणे कठीण होते, हे मान्य करावे लागेल. जी गोष्ट विकणाऱ्याच्या हाती नाही तिची हमी देणारे वाक्य हे पर्यटन-विपणनातील सर्वांत महागडे वाक्य होय.

६. दर्शनी जागेचे मोल

उपदेशकारांचे आणखी एक गृहीतक असे की, शोधयंत्राचे पहिले पान हे गुणवत्तेने जिंकावयाचे खुले मैदान आहे. भारतातील काही निर्णयांच्या प्रकाशात हे गृहीतक तपासून पाहता येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाच्या आक्षेपांपैकी एक आक्षेप थेट प्रवास-व्यवसायाशी निगडित होता : विमानप्रवासाच्या शोधात गूगल आपला स्वतःचा विभाग ठळक व प्रमाणाबाहेर मोठ्या जागेत दाखविते व त्यामुळे इतर प्रवास-संकेतस्थळांस बाजारात पोहोचणे अवघड होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबो यांस २२३.४८ कोटी व ओयोस १६८.८८ कोटी रुपयांचा दंड केला. हॉटेलांनी इतरत्र कमी दर देऊ नये अशी बंधने घालणे आणि काही प्रतिस्पर्ध्यांस यादीतून वगळणे, हे त्यामागील आक्षेपांचे स्वरूप होते. या आदेशांना अपील प्राधिकरणापुढे आव्हान देण्यात आले, ही बाब लक्षात घेऊनही एक गोष्ट उरते : जी कंपनी शोधयंत्रासमोर तक्रारदाराच्या जागी शोभते, तीच हॉटेलवाल्यासमोर द्वारपाल ठरते. कळमेश्वरचा व्यावसायिक या दोन्ही द्वारपालांच्या पलीकडे, तिसऱ्या अंगणात उभा आहे.

नावावरील हक्काचेही तसेच आहे. 'मेकमायट्रिप' हे नाव शोधणाऱ्यास प्रतिस्पर्धी बुकिंग डॉट कॉमची जाहिरात दाखविणे हे व्यापारचिन्हाचे उल्लंघन होय काय, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे होता. २०२२ मध्ये मिळालेला मनाई-आदेश डिसेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने रद्द केला आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नाव बीजशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच ग्राहकाची दिशाभूल होते असे नव्हे, हे त्यामागील तत्त्व आहे. कायद्याच्या दृष्टीने ते ग्राह्य असेल. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, वर्षानुवर्षे जपलेले नाव उच्चारून कोणी आपल्याला शोधू लागला, तरी वाटेत दुसऱ्याचे दुकान लागू शकते. मोठ्या कंपनीस आपल्याच नावासाठी बोली लावणे परवडते. एका गाडीच्या मालकास परवडत नाही.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधनिकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली सारांशरूप उत्तरे दिसू लागली आहेत. अनेक पाने वाचून यंत्रच उत्तर देणार असेल, तर पानावर येण्याचे प्रयोजनच कमी होते. ज्या पानावर केवळ इतरत्र असलेलेच आहे, त्याचा आधार यातून प्रथम जाईल. जेथे अन्यत्र नसलेली, पडताळून घेतलेली स्थानिक माहिती आहे, त्याचा उपयोग निदान उत्तराचा आधार म्हणून तरी राहील.

७. विश्वासाचा प्रश्न

यातील सर्वांत गंभीर भाग फसवणुकीचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने चारधाम यात्रेकरू व पर्यटक यांना बनावट आरक्षण-संकेतस्थळांविषयी सावध केले. हेलिकॉप्टरचे तिकीट, अतिथिगृहातील खोली, टॅक्सी अशा नावांखाली ही संकेतस्थळे व प्रायोजित जाहिराती चालत होत्या. म्हणजे शोधात वर येण्याची विद्या ठकासही अवगत आहे, किंबहुना त्यास ती अधिक लवकर साधते. कारण प्रवासी परत येईल याची चिंता त्यास नसते.

विदर्भात ताडोब्याच्या आरक्षणाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. ऑनलाइन आरक्षणाचे काम पाहणाऱ्या खासगी संस्थेच्या संचालकांविरुद्ध २०२३ साली सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराबाबत गुन्हा नोंदविला गेला आणि त्यानंतर आरक्षणाचे अधिकृत संकेतस्थळ बदलून ते वनविभागाच्या शासकीय पत्त्यावर आणण्यात आले. गुन्ह्याची सत्यासत्यता न्यायालय ठरवील. परंतु शोधाच्या दृष्टीने यात एक विरोधाभास आहे. जुन्या पत्त्यास वर्षानुवर्षांच्या दुव्यांचे पाठबळ असते, तर नव्या, खऱ्या पत्त्यास ते शून्यापासून मिळवावे लागते. मधल्या काळात अधिकृत भासणाऱ्या नावांची खासगी पाने ती पोकळी भरून काढतात. या पानांपैकी सर्वच फसवी नसतात. कित्येक प्रामाणिक दलालीचे काम करतात. दोष असा की, आपण दलाल आहोत आणि शासकीय शुल्कावर इतकी रक्कम घेतो, हे ती ठळकपणे सांगत नाहीत.

शासनाने या दिशेने काही पावले उचलली आहेत. ऑनलाइन अभिप्रायांविषयीचे भारतीय मानक २०२२ मध्ये आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांस भुलविणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्यांस प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. 'शेवटच्या दोनच जागा शिल्लक' अशी खोटी घाई, खरेदी संपता संपता वाढत जाणारी रक्कम, न मागता टोपलीत टाकलेला विमा हे प्रकार त्यांत मोडतात, आणि ऑनलाइन प्रवास-आरक्षण केलेल्या कोणासही ते अपरिचित नाहीत. तथापि नियम मोठ्या मंचांपर्यंत पोहोचतात. मोबाइल क्रमांक हीच ज्याची संपूर्ण ओळख आहे अशा पानापर्यंत पोहोचणे त्यांस कठीण आहे. या अविश्वासाची किंमत अंतिमतः प्रामाणिक लहान व्यावसायिक भरतो. एकदा पोळलेला प्रवासी पुढच्या वेळी अनोळखी गाडीवाल्यास आगाऊ रक्कम देत नाही. तो मोठ्या मंचाकडेच जातो.

८. पर्यायी दिशा

वरील टीकेचा अर्थ व्यावसायिकाने महाजालापासून दूर राहावे असा मुळीच नाही. आक्षेप साधनावर नसून क्रमावर आहे. कळमेश्वर परिसराच्या संदर्भात पुढील गोष्टी अल्प खर्चात शक्य आहेत.

पहिली, पानावर प्रवाशाचा खरा प्रश्न घ्यावा. संत्राबाग पाहण्यास केव्हा यावे, या प्रश्नाचे उत्तर बहारावर अवलंबून आहे. आंबिया बहाराची फळे साधारणतः दिवाळीच्या पुढेमागे, तर मृग बहाराची हिवाळा सरताना तोडणीस येतात. ही दोन वाक्ये 'निसर्गरम्य संत्रानगरी' या शब्दांपेक्षा अधिक उपयोगी आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले आहे. त्याचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास अशाच मजकुराची गरज आहे.

दुसरी, भेद स्पष्ट सांगावेत. कोणते राज्य, कोणते प्रवेशद्वार, कोणता वार बंद, शासकीय शुल्क किती आणि आपली सेवा-आकारणी किती, हे वेगवेगळे लिहावे. अधिकृत आरक्षणाचा दुवा स्वतःच्या पानावर देणारा दलाल एखादा ग्राहक गमावील, पण आपली विश्वासार्हता कमावील.

तिसरी, गावाची नावे देवनागरीत प्रमाण रूपात लिहावीत आणि वाक्ये मराठीच्या व्याकरणाने चालू द्यावीत. धापेवाडा, अदासा यांची रोमन लेखनातील निरनिराळी रूपे पानावर एकदा नोंदविली तरी पुरे. त्यांचा मारा करण्याचे कारण नाही.

चौथी जबाबदारी महाविद्यालयांची आहे. मराठी, वाणिज्य, भूगोल व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून आपल्या तालुक्यातील स्थळांची नोंद करावी. यात्रेच्या तिथी, पोहोचण्याचे मार्ग, स्थानिक इतिहास आणि दंतकथा व इतिहास यांतील फरक विद्यार्थ्यांनी तपासून युनिकोड मराठीत उपलब्ध करावा. असे पान देवस्थान, ग्रामपंचायत व व्यावसायिक या सर्वांस वापरता येईल, आणि ज्या दुव्यांच्या अभावाचा उल्लेख वर आला आहे, तेही त्यातून सहज निर्माण होतील. सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा हे काम अधिक टिकाऊ ठरेल.

९. समारोप

शोधयंत्र हे बाजारपेठेचे नवे दार आहे, यात वाद नाही. परंतु त्या दाराशी अधिक मोठ्याने हाक मारणे म्हणजे विपणन, ही समजूत लहान व्यावसायिकास ज्या स्पर्धेत उतरविते, तिचे नियम, जागा आणि पंच हे सारे दुसऱ्यांच्या हाती आहेत. त्याच्यापाशी असलेले खरे भांडवल म्हणजे स्थळाची जवळून असलेली ओळख. अदाशाची टेकडी कोणत्या वेळी चढावी, आषाढात धापेवाड्याच्या रस्त्यावर गाडी कोठे थांबवावी लागते, कोणत्या द्वाराने गेल्यास वृद्धांस त्रास कमी पडतो, ही माहिती दूरच्या मजकूर-कारखान्यास नाही आणि इतरांचे वाचून उत्तर देणाऱ्या यंत्रासही नाही. ती माहिती नेमक्या, प्रामाणिक मराठीत लिहिणे हे साहित्यसेवेइतकेच व्यवसायाचेही काम आहे. जो प्रवासी अशा पानावर येईल तो कदाचित एकटाच असेल. परंतु तो त्याच ठिकाणी जाण्यासाठी निघालेला असेल, आणि परतल्यावर दुसऱ्यास त्याच माणसाचे नाव सांगेल.